बाहाच्या गाडीची चौकट: नळी निवडण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

करवतीने उभा कापलेला एक सांधा गेली कित्येक वर्षं माझ्या टेबलावर आहे. दोन नळ्या ३० अंशांत जोडलेल्या. बाहेरून पाहाल तर वेल्ड सुरेख आहे, नाणी ओळीने एकावर एक टेकवून ठेवावीत तसा. पण कापलेल्या बाजूने बघितलं, की नळ्यांमधल्या अरुंद कोनात कानशीचे ओरखडे जसेच्या तसे दिसतात. तिथे धातू वितळलाच नव्हता. वरून नुसतं पांघरूण घातलं होतं. तो वेल्ड मी मारला होता, आणि तो कापून बघेपर्यंत मला त्याचा अभिमान होता.

बाहा ही विद्यार्थ्यांच्या गाड्यांची स्पर्धा. तिच्या टीममध्ये पहिल्यांदा आलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. मातीतून, खड्ड्यांतून, उड्या मारत पळणारी एकाच चालकाची ही गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधायची असते. अमेरिकेत १९७६ साली ही स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे २००७ पासून एसएई इंडिया ही वाहन अभियंत्यांची संस्था ती घेते, आणि इंदूरजवळच्या पीथमपूरला जाण्याची स्वप्नं महाराष्ट्रातली किती कॉलेजं बघतात ते वेगळं सांगायला नको. गाडी उलटली तर चालक आणि जमीन यांच्यामध्ये फक्त रोल केज, म्हणजे नळ्यांचा पिंजरा, असतो. म्हणून बाकी गाडीत तडजोडी करा, इथे नको.

आधी नियमपुस्तक, मग बाजार

तुमच्या वर्षाचं नियमपुस्तक डाउनलोड करून रोल केजचं प्रकरण प्रत्येकाने स्वतः वाचायचं. सीनियरने सांगितलं म्हणून चालत नाही, कारण तो मागच्या वर्षीचं सांगतो.

मुळातला नियम असा आहे. केजमधल्या नळ्यांचे दोन गट पडतात. चालकाच्या मागची उभी कमान, डोक्यावरचे दांडे, पुढून उतरणारे दांडे, खालच्या बाजूच्या नळ्या हे सगळं मुख्य, म्हणजे प्रायमरी. मुख्य नळीसाठी सरळ वाट म्हणजे बाहेरचा व्यास २५.४ मिमी, जाडी ३ मिमी आणि पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. ती नको असेल तर दुसरी गोल नळी घेता येते, पण तिची जाडी १.५७ मिमीपेक्षा कमी नको, कार्बनची अट तीच, आणि वाकण्याचा ताठरपणा व वाकण्यातली ताकद दोन्ही त्या २५.४ बाय ३ च्या १०१८ (कमी कार्बनचं साधं पोलाद) नळीच्या खाली जाता कामा नये. उरलेल्या दुय्यम नळ्यांना व्यास किमान २५.४ आणि जाडी किमान ०.८९ मिमी पुरते.

चालकाच्या हेल्मेटभोवती १५२ मिमी आणि बाकी अंगाभोवती ७६ मिमी मोकळी जागा लागते. नळ्या कापून झाल्यावर ही जागा वाढवता येत नाही. म्हणून प्लंबरकडच्या पीव्हीसी पाइपांचा आणि चिकटपट्टीचा खऱ्या मापाचा सांगाडा आधी बांधा आणि टीममधल्या सगळ्यात उंच मुलाला हेल्मेट घालून, पट्टे बांधून आत बसवा. दोन दिवस जातात, पण कॉम्प्युटरवर न दिसलेला गुडघा इथे लगेच लागतो.

ताठरपणाचं गणित हाताने करा

हे गणित सॉफ्टवेअरवर सोडू नका. एका कागदावर बसतं.

नळीचा जडत्वाचा आघूर्ण म्हणजे π भागिले ६४, गुणिले (बाहेरचा व्यास चतुर्थ घात वजा आतला व्यास चतुर्थ घात). २५.४ बाय ३ च्या नळीचा आतला व्यास १९.४. उत्तर येतं सुमारे १३,४७९ मिमी⁴. त्याला पोलादाच्या २०५ गिगापास्कलने गुणलं की ताठरपणा मिळतो, २७६३ न्यूटन-मीटर². ताकदीसाठी १०१८ ची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकू लागतं तो, ३६५ मेगापास्कल धरायची, आघूर्णाने गुणायचं आणि बाहेरच्या त्रिज्येने, म्हणजे १२.७ ने भागायचं. ३८७ न्यूटन-मीटर. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा, तुमची नळी या दोन्हींच्या वर हवी.

आता क्रोमोली, म्हणजे ४१३०. नवीन मुलांचा हमखास समज असतो की हे पोलाद 'भारी' आहे म्हणून ताठही जास्त असणार. तसं नाही. ताकद जास्त आहे; ताठरपणा मात्र साध्या पोलादाइतकाच, तोच २०५. त्यामुळे ताठरपणा कमवायचा तर व्यास वाढवावा लागतो. व्यास चतुर्थ घातात येतो, म्हणून थोडा वाढला तरी खूप फायदा होतो आणि जाडी उतरवता येते. वजन वाचतं ते यामुळे.

जाडी १.६५ मिमी धरून तीन व्यास तपासू. एक इंच एक सूत, म्हणजे २८.५८ मिमी: ताठरपणा साधारण २६०२. नापास. २९.२ मिमी: २७८७, पास. सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिमी: ३६३३, आरामात पास. ताकदीचा प्रश्न पास झालेल्या दोघींनाही येत नाही, ४१३० ची यील्ड ४६० धरली तरी.

बरेच जण २९.२ च्या प्रेमात पडतात, कारण कागदावर ती सगळ्यात हलकी आहे. मीटरला १.१२ किलो, तर २५.४ बाय ३ ची नळी मीटरला १.६६ किलो. पण आता त्याच २९.२ ची खरी जाडी १.६५ ऐवजी १.६० निघाली असं धरा आणि पुन्हा गणित करा. २७१७. नापास! पाच शतांश मिलिमीटरने, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीने, अख्खा केज नियमाबाहेर. सव्वा इंची नळीचं वजन मीटरला १.२२ किलो आहे, म्हणजे जेमतेम शंभर ग्रॅम जास्त, आणि तिची जाडी १.५७ पर्यंत उतरली तरी ताठरपणा ३४८० च्या वर राहतो. शिवाय सव्वा इंचाचा बेंडिंग डाय, म्हणजे नळी वाकवायचा साचा, शोधत फिरावं लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षीची टीम असेल, टिग वेल्डिंगचा (टंगस्टनच्या टोकाने आर्क लावून फिलर, म्हणजे भरायची कांडी, हाताने घालायची) हात बसलेला कोणी नसेल, तर २५.४ बाय ३ ची साधी नळी घ्या. १५ मीटर मुख्य नळी धरली तर २५ किलोच्या आसपास होईल, ४१३० सव्वा इंचीत साडेअठरा झाली असती. ते साडेसहा किलो पहिल्या वर्षी सोसा. दुसऱ्या वर्षी, हातात कसब आल्यावर, सव्वा इंचीवर या.

बाजारात काय मागायचं

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'एक इंची पाइप' मागाल तर दुकानदार पाण्याचा पाइप काढून देईल. त्यात त्याची चूक नाही. पाण्याच्या पाइपाचा 'एक इंच' हे नुसतं नाव आहे, बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. त्यावरचे पिवळे, निळे, लाल पट्टे म्हणजे हलका, मध्यम, जड हे वर्ग. 'सी क्लास (म्हणजे जड वर्ग) घ्या, एकदम मजबूत' असं कोणीतरी सांगेलच. त्या पाइपात कार्बन किमान इतका असेलच अशी हमी नसते, म्हणून तो आपल्या कामाचा नाही. आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप तर कधीच नको. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि वेल्डमध्ये भोकं पडतात ती वेगळीच.

मागायची ती ट्यूब, बाहेरच्या व्यासाच्या आणि जाडीच्या मापात, शक्यतो सीमलेस, म्हणजे बिनशिवणीची. मुंबईत सी. पी. टँक, खेतवाडी भागात नळीचे व्यापारी गल्लोगल्ली आहेत, पुण्याच्या टीमना भोसरीत चौकशी करता येते. दोन-चार फोन करायला लाजू नका. शिवण असलेली ईआरडब्ल्यू नळी स्वस्त पडते, पण तिची निवड करण्याआधी नियम आणि सर्टिफिकेट दोन्ही पाहा, आणि वाकवताना शिवण बेंडच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला येऊ देऊ नका.

नळीबरोबर टीसी, म्हणजे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, घ्यायचंच. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, आणि नळीवरचा छापा एकच आहे ना ते दुकानातच बघा. मग कार्बनचा रकाना. १०१८ पोलादात कार्बन ०.१५ ते ०.२० चालतो. म्हणजे नळी अगदी खरीखुरी १०१८ असूनही ०.१६ कार्बनमुळे आपल्या नियमात नापास होऊ शकते. हा खड्डा फार जणांच्या ध्यानात येत नाही. ४१३० ला ही भीती नाही, तिथे कार्बन ०.२८ ते ०.३३, क्रोमियम ०.८० ते १.१० आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ दिसलं पाहिजे. शंका असेल तर दोन इंचाचा तुकडा कापून लॅबमध्ये स्पेक्ट्रो, म्हणजे पोलादात काय किती आहे याची तपासणी, करून घ्या.

जाडी मोजताना व्हर्निअर फसवतो

आमच्या टीमचं यात एकदा चांगलंच नुकसान झालं होतं. नळी आली, आम्ही व्हर्निअर लावला, १.६८ दिसलं, टाळ्या वाजवल्या. प्रत्यक्षात नळी १.६० होती.

कारण अगदी साधं आहे. व्हर्निअरचा आतला जबडा सपाट असतो आणि नळीची आतली बाजू खोलगट. जबडा मधोमध टेकतच नाही, त्याच्या दोन कडा टेकतात. जबडा ३ मिमी रुंद असेल तर या आकाराच्या नळीत जवळजवळ ०.०९ मिमी जास्त वाचन येतं. म्हणून गोल टोकाचा, ट्यूबसाठीचा मायक्रोमीटर वापरा. मेट्रॉलॉजी लॅबमध्ये तो असतो, सरांना विचारा. तो नसेल तर जबड्याच्या अगदी अणकुचीदार टोकाने मोजा. करवतीचे बुरे आधी कानशीने काढा, नळीच्या दोन्ही टोकांना चार-चार जागी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा वहीत लिहा. सरासरी नको. स्पर्धेत तपासणीवाले नळीला भोक पाडून जाडी बघू शकतात, आणि त्यांना तुमच्या सरासरीशी काही देणंघेणं नसतं.

मांडणी आणि बेंड

इथे थोडक्यात सांगते. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. सस्पेन्शनचा, सीटबेल्टचा, इंजिनाचा भार जिथे येतो तिथे नळ्यांचा सांधा हवा. नळीच्या मधोमध भार टाकला की ती वाकते. नळ्यांच्या मध्यरेषा एका बिंदूत मिळाव्यात. जितके कमी बेंड तितकं बरं.

वाकवण्यासाठी डायवर फिरवून बेंड करणारं मशीन असलेल्या ठिकाणीच जा. बेंडची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी ठेवा, नाहीतर बाहेरचं अंग ताणून पातळ होतं आणि आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात. ड्रॉइंग पूर्ण करण्याआधी बेंडिंगवाल्याला फोन करून त्याच्याकडे तुमच्या व्यासाचे कोणते डाय आहेत ते विचारा. आधी डाय, मग डिझाइन.

नॉच: खरं काम इथे आहे

एक नळी दुसऱ्या गोल नळीवर बसवायची तर तिचं टोक खोगिरासारखं कापावं लागतं. हाच नॉच. माझ्या अनुभवात वेल्ड चांगला होणार की वाईट, हे आर्क लागण्याच्या कितीतरी आधी, शेगड्यासमोर (व्हाइससमोर) कानस हातात असताना ठरलेलं असतं. कॉलेजच्या वर्कशॉपमधले काका एवढंच म्हणायचे, "फट भरायला फिलर नसतो गं, नळी बसव आधी." तेव्हा कटकट वाटायची.

कागदाच्या साच्यापासून सुरुवात करा. कॅडमधून किंवा नॉचच्या प्रोग्राममधून नळीभोवती गुंडाळायचा साचा छापता येतो. छापताना प्रिंटरने पानात बसवण्यासाठी आकार लहान केला तर सगळं चुकतं, म्हणून छापलेल्या पट्टीची लांबी मोजा. ३१.७५ च्या नळीचा घेर ९९.७ मिमी आहे. पट्टी ९७ भरली तर तो कागद फाडून टाका. साचा गुंडाळल्यावर दोन्ही कडा नेमक्या जुळल्या पाहिजेत. मग नळीवर लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ मारून ठेवा. नळीच्या दोन टोकांचे नॉच एकमेकांच्या तुलनेत किती फिरलेले आहेत ते या रेघेवरून कळतं. ही रेघ न मारता कापलेली, एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला पीळ पडलेली नळी प्रत्येक टीमच्या भंगारात सापडते.

काटकोनाचे नॉच होल सॉने, म्हणजे गोल करवतीने, झटपट होतात. करवतीचा व्यास ज्या नळीवर बसायचं तिच्याएवढा हवा, नळी घट्ट पकडलेली हवी, गती कमी आणि कटिंग ऑइल भरपूर. ४५ अंशांपेक्षा तिरक्या सांध्यांना मात्र मी हॅक्सॉने आधी मोठा भाग उडवते, ग्राइंडरने रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडे येते आणि बाकी अर्धगोल कानशीने. शेवटचा मिलिमीटर ग्राइंडरने घेण्याचा मोह टाळा. ग्राइंडर एका क्षणात रेघ ओलांडतो, आणि कमी झालेली नळी परत वाढत नाही.

बसलंय का ते असं बघा. नळ्या जागेवर धरा, एका मित्राला नळीच्या उघड्या टोकातून मोबाइलचा टॉर्च मारायला सांगा आणि खोलीतला दिवा बंद करा. सांध्याभोवती जिथून उजेड येतो तिथे फट आहे. हॅक्सॉचं पातं साधारण ०.६५ मिमी जाड असतं. ते फटीत कुठेही शिरता कामा नये. शिरलं तर पुन्हा कानस, आणि दोनदा कानस मारूनही शिरत असेल तर नवीन नळी. मोठी फट भरायला जास्त वेळ आर्क धरावा लागतो, जास्त उष्णता जाते, पातळ नळी वितळून खाली जाते, आणि थंड होताना तो जास्तीचा धातू आकसून केज एका बाजूला ओढतो. एका फटीपायी हे सगळं.

आणखी एक गोष्ट. दोन्ही टोकं बंद होणाऱ्या नळीत हवा कोंडते. शेवटचे दोन सेंटिमीटर वेल्ड करताना ती तापून फुगते आणि वितळलेल्या धातूतून फुर्रकन बाहेर येते, नेमकं तिथे भोक राहतं. त्यासाठी जिच्यावर नॉच बसणार आहे त्या नळीला, नॉचच्या पोटात झाकलं जाईल अशा जागी, ३ मिमीचं भोक आधीच पाडा.

टिग की सीओटू

वर्कशॉपमध्ये मिगला, म्हणजे तार आपोआप पुढे येणाऱ्या वेल्डिंगला, सीओटू म्हणतात आणि टिगला आर्गॉन. ३ मिमी जाडीच्या साध्या नळीला चांगल्या हाताचा सीओटू चालतो. फक्त सीओटूचा धोका असा, की तार वितळून पडत राहते आणि खालचा धातू वितळला नसला तरी वरून वेल्ड झाल्यासारखा दिसतो. १.६५ च्या ४१३० ला टिगच. टिगमध्ये आधी वितळलेल्या धातूचं डबकं दिसतं, मग तुम्ही फिलर घालता. काय वितळलंय ते डोळ्यांसमोर असतं.

सफाई आधी. सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर, आतून आणि बाहेरून, काळपट पापुद्रा निघून चकचकीत धातू दिसेपर्यंत एमरी मारा, मग ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. ब्रेक क्लीनरचा स्प्रे इथे वापरू नका. त्यात क्लोरीनची द्रव्यं असली तर आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. पावसाळ्यात सकाळी घासलेल्या नळीवर संध्याकाळपर्यंत लाली चढते, म्हणून जेवढे सांधे आज वेल्ड करायचे तेवढेच आज घासा.

टिगला डीसी, टॉर्च निगेटिव्हला. टंगस्टन १.६ किंवा २.४ मिमीचा, निळ्या किंवा करड्या टोकाचा. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, त्याची घासणीची धूळ नाकात घेण्याचं कारण नाही. टोक पेन्सिलीसारखं घासायचं, आणि घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेने पडल्या पाहिजेत. आर्गॉन मिनिटाला ८ ते १० लिटर. पंखा बंद, दार लोटलेलं. घामाने जीव नकोसा होतो, पण वाऱ्याने आर्गॉन उडाला की वेल्ड स्पंजासारखा होतो. करंटचा अंदाज असा: १.६५ जाडीला ६० ते ७० अँपिअर, ३ मिमीला १०० ते १२०. तिथून पुढे तुकड्यांवर सराव करून आपला आकडा शोधा.

४१३० ला फिलर कोणता, यावर टीममध्ये भांडणं होतात. ४१३० चीच कांडी घ्यावी असं वाटतं. ती घेऊ नका. वेल्डनंतर भट्टीत उष्णोपचार करायचे असतील तरच तिचा उपयोग. ईआर७०एस-२ किंवा ईआर८०एस-डी२ घ्या, १.६ मिमीची. यांचा वेल्ड जरा मऊ राहतो आणि धक्का बसला तर तडकण्याऐवजी थोडा ताणला जातो. वेल्डचा काप नळीच्या भिंतीपेक्षा जाड असल्याने ताकद कमी पडत नाही.

४१३० मध्ये काळजी वेल्डची नसून वेल्डशेजारच्या पट्ट्याची असते. कार्बन, क्रोमियम, मॉलिब्डेनम मिळून या पोलादाचा कार्बन-समतुल्य (वेल्डनंतर ते किती कडक होईल हे सांगणारा आकडा) ०.६ च्या आसपास जातो, १०१८ चा ०.३ असतो. असं पोलाद भराभर थंड झालं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. म्हणून वेल्ड मारल्यावर ओलं फडकं नको, फुंकर नको, हवेची नळी नको. आर्क थांबवताना करंट हळूहळू उतरवा, म्हणजे शेवटच्या खळग्यात तारेसारखी चीर पडत नाही. आर्गॉन सहा-सात सेकंद चालू ठेवा, टॉर्च तिथेच धरा. मग सांधा आपोआप निवू द्या. आपल्या हवेत या जाडीला आधी तापवायची गरज पडत नाही. हिवाळ्यात पहाटे काम काढलं आणि नळी हाताला गार लागली, तर गॅसने कोमट करून घ्या.

आता माझ्या टेबलावरच्या त्या सांध्याकडे येते. तिरक्या सांध्याचा अरुंद कोन ही सगळ्यात अवघड जागा. टॉर्चची सिरॅमिक नळी दोन्ही बाजूंना अडते, म्हणून आर्क लांब धरला जातो, आणि लांब आर्क कोनाच्या तळाशी न जाता दोन्ही भिंतींवर पसरतो. भिंती वितळतात, फिलर टाकला की त्यांच्यामध्ये पूल बांधला जातो, तळ कोरडाच राहतो. मी नेमकं हेच केलं होतं. यावर उपाय म्हणजे गॅस लेन्स (आर्गॉन सरळ सोडणारी जाळी) बसवून टंगस्टन १०-१२ मिमी बाहेर काढणं, त्याचं टोक तळाच्या अगदी जवळ नेणं, आणि दोन्ही नळ्यांचं डबकं तळाशी एक झालेलं दिसेपर्यंत फिलरला हात न लावणं. दोन डबकी एकमेकांत मिसळतात तो क्षण स्पष्ट दिसतो, मधली काळी रेघ झटकन नाहीशी होते. ती रेघ गेली की फिलर.

टाके, कर्ण आणि क्रम

सपाट जाड प्लेटवर किंवा लेव्हल केलेल्या चॅनलच्या चौकटीवर केज उभा करा. पायाच्या नळ्या पकडीने बांधा, मागची कमान ओळंब्याने आणि गुण्याने उभी करा, मग बाकीच्या नळ्या. प्रत्येक सांध्याला घड्याळाच्या १२, ६, ३, ९ वर छोटे चार टाके, म्हणजे नळी जागेवर धरणारे ठिपक्यांएवढे वेल्ड. टाकासुद्धा पूर्ण मुरलेला हवा, कारण तो वेल्डचाच भाग होणार आहे.

अख्खा केज टाक्यांवर उभा राहीपर्यंत एकही सांधा पूर्ण करायचा नाही. कितीही हात शिवशिवले तरी. टाक्यांवर असताना दोन्ही कर्ण मोजा. दोघांत २ मिमीपेक्षा जास्त फरक मी चालवून घेत नाही. चालकाला पुन्हा बसवा. चूक इथेच सापडली तर टाके कापून नळी बदलता येते.

पूर्ण वेल्ड करताना एका सांध्याचा चतुर्थांश भाग मारा आणि समोरच्या बाजूच्या सांध्याकडे जा. डावा, उजवा, पुढचा, मागचा. वेल्ड निवताना आपल्या दिशेने ओढतो, म्हणून ही ओढ सगळीकडून सारखी यायला हवी. दर आठ-दहा सांध्यांनंतर कर्ण परत मोजा. सस्पेन्शनचे ब्रॅकेट शेवटी, केज निवल्यावर आणि पुन्हा मोजल्यावर. ब्रॅकेटचा वेल्ड नळीच्या लांबीच्या दिशेने असू द्या, नळीला बांगडीसारखा वेढा घालू नका. आणि वेल्ड छान दिसावा म्हणून ग्राइंडर फिरवू नका. त्याने जाडी जाते, आणि तपासणाऱ्याला वाटतं की काहीतरी लपवलंय.

स्वतःचा वेल्ड स्वतः कापा

केजवर वेल्ड मारणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने दोन नमुने करायचे असतात, त्याच नळीचे, त्याच फिलरचे. एक ९० अंशांचा. तो मशीनवर तुटेपर्यंत ओढायचा. नळी फाटावी, वेल्ड नाही. दुसरा ३० अंशांचा, तो नळीच्या लांबीने उभा कापायचा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नमुने करणाऱ्या टीम मी बघितल्यात, तोवर केज रंगवून तयार असतो. ते उलटं करा. केजचा पहिला टाका पडण्याआधी नमुने करा, कापा, आणि पास झालेल्या हातालाच केजवर टॉर्च द्या.

कापलेली बाजू क्रमाने बारीक एमरीवर घासत आरशासारखी करा. मग मेटलर्जी लॅबमध्ये सरांच्या समोर, हातमोजे आणि गॉगल घालून, नायटलचा (अल्कोहोलमधलं पातळ नायट्रिक आम्ल) बोळा फिरवा. काही सेकंदांत वेल्ड, शेजारचा तापलेला पट्टा आणि मूळ नळी असे तीन वेगळे रंग उमटतात. तळाच्या कोपऱ्यात बारीक काळी रेघ उरली असेल तर तिथे दोन नळ्या अजून दोनच आहेत. टॉर्च परत उचला, नवीन नळी कापा.

केज पूर्ण झाल्यावर सगळ्या सांध्यांची डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट, टेस्ट करा. लाल द्रव मारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. यात तीन कॅन आणि एक दुपार जाते. त्यानंतर प्रायमर आणि रंग, रंग शक्यतो पांढरा किंवा पिवळा. काळ्या रंगावर चीर दिसत नाही. फिकट रंगावर सांध्याच्या कडेला गंजाची केसाएवढी तपकिरी रेघ उमटली, की लांबूनही दिसते. प्रत्येक टेस्ट ड्राइव्हनंतर गाडी धुवा आणि हातात बॅटरी घेऊन सांध्यामागून सांधा बघत जा, मागच्या कमानीच्या पायापासून आणि सस्पेन्शनच्या ब्रॅकेटपासून सुरुवात करून.